सर्व नोंदी मागतांना

शाळेच्या तपासणीसाठीं साहेब आले म्हणजे त्यांची पहिली आज्ञा ठरलेली असे : "जनरल रजिस्टर आणा." शिपाई तें जाड बाड दोन्ही हातांनीं उचलून मेजावर ठेवी. शाळा निघाल्या दिवसापासून दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचें नांव, जन्मतारीख, जात, मागची शाळा, दाखला नेल्याची तारीख, सारें त्यांत असे. साहेब चार पानें चाळीत, एक सही करीत, आणि बाड परत कपाटांत जाई. बाडाचें वजन शिपायाच्या हातांना कळत असे. एकट्याला पेलणार नाहीं असें वाटलें तर तो दुसऱ्याला हांक मारी.

आज हीच मागणी यंत्राकडे होते, आणि दिवसांतून असंख्य वेळां होते. आपल्या हातांतील फोनवर बँकेच्या खात्यांतील उलाढाल दिसते, वाचनालयाच्या सभासदांची यादी दिसते, परीक्षेला बसलेल्यांचे क्रमांक दिसतात, तेव्हां कोठें तरी दूर एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राला "तुझ्या तक्त्यांतील नोंदी दे" असें म्हटलेलें असतें. हें म्हणणारें यंत्र पुष्कळदां जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंत बोलतें. त्या भाषेंतून सर्व नोंदी कशा मागतात, मागितल्यावर नेमकें काय हातीं येतें, आणि "सर्व" म्हणून जें आलें तें खरोखर सर्व आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याच्या पोटीं एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न कसा दडला होता, तें मी पुढें सांगणार आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊं. माहिती नीट लावून ठेवण्याच्या यांत्रिक कोठाराला डेटाबेस म्हणतात. त्यांत तक्ते असतात. तक्त्याला रकाने असतात. आणि एका विद्यार्थ्याची एक आडवी ओळ म्हणजे एक नोंद. १९७० सालीं आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेंतील एडगर कॉड यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती तक्त्यांच्या रूपानें ठेवावी, मागणारानें काय हवें तेवढेंच सांगावें, आणि तें कोणत्या कप्प्यांतून कसें काढावयाचें ही चिंता यंत्रानें वहावी, हा त्यांतील विचाराचा गाभा होय. पुढें १९७४ सालीं त्याच कंपनींतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं या विचाराला साजेशी एक मागणीची भाषा रचली. तिलाच आज एस-क्यू-एल म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तक्त्यांतील सर्व नोंदी हव्या असल्या तर त्या भाषेंत म्हणावयाचें : "सिलेक्ट स्टार फ्रॉम विद्यार्थी."

यांत एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. "स्टार", म्हणजे ती लहानशी तारका, सर्व रकाने मागते. पण सर्व ओळी मागणारा शब्द या वाक्यांत कोठेंच नाहीं. "ज्यांचें गांव अमुक" किंवा "ज्यांची इयत्ता अमुक" अशी अट घातली नाहीं, एवढ्यावरूनच यंत्र समजतें कीं, सर्व ओळी पाहिजेत. २००९ सालीं निघालेला मोंगोडीबी नांवाचा डेटाबेस निराळ्या घडणीचा आहे. तेथें तक्त्याऐवजीं सुट्या कागदपत्रांचे गठ्ठे असतात आणि मागणीचा शब्द आहे "फाइंड", म्हणजे शोध. त्याच्यापुढें अटींसाठीं महिरपी कंसांची एक जोडी असते. ती रिकामी ठेवली कीं सर्व. दोन्ही ठिकाणीं "सर्व" हें न बोलण्यानें मागितलें जातें. म्हणून अट घालावयाची राहिली तर यंत्र तक्रार करीत नाहीं. तें मुकाट्यानें सारें कोठार पुढें ओतूं लागतें. (पुसून टाकण्याच्या आज्ञेलाहि हाच न्याय लागू आहे, आणि तेथें तर तो फारच महाग पडतो.)

आतां मागणाऱ्या भाषेकडे वळूं. जावास्क्रिप्ट ही १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं रचली; तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत तयार झालें. वाचणाऱ्याच्या यंत्रांतील ब्राउझरमध्यें पान हालतें-बोलतें करावें, हें तिचें मूळ काम. जें यंत्र दूर बसून सर्वांच्या मागण्या ऐकतें व उत्तरें पाठवितें त्याला सर्व्हर म्हणतात, आणि नेटस्केपनें ही भाषा लौकरच आपल्या सर्व्हरवरहि आणली होती. पण तो प्रयोग टिकला नाहीं. २००९ सालीं रायन डाल या तरुणानें नोड नांवाची रचना बर्लिन येथील एका परिषदेंत लोकांपुढें मांडली, तेव्हांपासून सर्व्हरवरील जावास्क्रिप्टला खरा बहर आला.

नोडचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचें कांहीं समजणार नाहीं, म्हणून त्यापाशीं थोडा थांबतों. खाणावळींत तीस पानें मांडलीं आहेत आणि वाढपी एकच आहे, अशी कल्पना करा. एकानें पोळी मागितली. वाढपी स्वयंपाकघराकडे "पोळी एक" म्हणून ओरडतो, परंतु पोळी भाजून होईपर्यंत चुलीपाशीं उभा राहत नाहीं. तो दुसऱ्याला वरण वाढतो, तिसऱ्याला पाणी देतो, आणि पोळी तयार झाल्याची हांक आली म्हणजे ती नेऊन पहिल्याच्या पानांत घालतो. एकच मनुष्य तीस जणांना पुरतो तो या युक्तीनें. नोडमध्यें आपल्या आज्ञा पाळणारा असा एकच वाढपी आहे. डेटाबेसकडे मागणी करणें म्हणजे चुलीकडे ओरडणें. उत्तर येण्यास वेळ लागतो, आणि तोंपर्यंत वाढपी पुढच्या कामाला लागलेला असतो.

नवशिक्याची पहिली ठेंच येथेंच लागते. तो एका ओळींत नोंदी मागतो आणि लगेच खालच्या ओळींत त्या छापावयास सांगतो. खालची ओळ आधीं पुरी होते! पडद्यावर नोंदींऐवजीं "अनडिफाइन्ड" असा शब्द उमटतो, किंवा "प्रॉमिस, पेंडिंग" असें कांहीं तरी. बिचारा समजतो कीं डेटाबेस रिकामा आहे, आणि दोन तास भलत्याच ठिकाणीं दोष शोधीत बसतो. दोष एवढाच कीं, पोळी भाजण्यापूर्वीं पानांत पाहिलें.

यावर प्रारंभींचा तोडगा असा होता कीं, मागणीबरोबरच "उत्तर आलें म्हणजे हें हें कर" अशी सूचना बांधून द्यावयाची. एक-दोन मागण्यांपर्यंत तें ठीक. पण एका उत्तरावर दुसरी मागणी, तिच्यावर तिसरी, असें झालें कीं सूचनेच्या पोटांत सूचना शिरून लिहिणाऱ्यालाच आपलें लिखाण वाचतां येईना. २०१५ च्या आवृत्तींत भाषेनें "प्रॉमिस" ही वस्तु अधिकृतपणें स्वीकारली. प्रॉमिस म्हणजे हुंडी समजा. हुंडी हातांत आहे म्हणजे रुपये हातांत आहेत असें नव्हे. ती मुदतीवर वटेल किंवा परत येईल. २०१७ च्या आवृत्तींत "अवेट" हा शब्द आला, आणि तेव्हांपासून लिखाण साध्या गद्यासारखें वाचूं लागलें. "या हुंडीचे पैसे मिळेपर्यंत या कामाची पुढची ओळ हातीं घेऊं नको", असा त्याचा अर्थ. वाढपी मात्र थांबत नाहीं. तेवढ्या वेळांत तो इतर पानांकडे जातो.

हुंडी परत येते तेव्हां काय करावें, हा प्रश्न पुष्कळ जण उद्यांवर टाकतात. डेटाबेस बंद असेल, तार तुटली असेल, परवानगी नसेल. अशा वेळीं कांहीं लेखक आपल्या प्रोग्राममध्यें लिहून ठेवतात कीं, चूक झाली तर रिकामी यादी द्या, म्हणजे पान तरी नीट दिसेल. माझ्या मतें याहून वाईट संवय नाहीं. वर्गांत एकहि मुलगा नाहीं हें एक उत्तर आहे, आणि हजेरीपट सांपडत नाहीं हें अगदीं दुसरें उत्तर आहे. दोहोंना एकच तोंड दिलें तर वाचणारानें खरें काय समजावें?

असो. हुंडी वटली असें धरून चालूं. आतां हातांत काय आलें? मोंगोडीबीकडे "फाइंड" म्हणून मागणी केली तर नोंदी येतच नाहींत. येतो तो कर्सर. आणि मौज अशी कीं, त्या क्षणीं मागणी डेटाबेसपर्यंत पोंचलेलीहि नसते. कर्सर म्हणजे विहिरीवरचा रहाट. तो बसविला म्हणून पाणी वर येत नाहीं. फिरवूं लागलें म्हणजे एकेक गाडगें भरून वर येतें. कर्सरकडे पहिली नोंद मागितली कीं मग विचारणा जाते आणि नोंदींची पहिली खेप येते. मोंगोडीबीच्या ठरीव प्रघाताप्रमाणें पहिल्या खेपेंत १०१ नोंदी असतात. (आंकडा आपल्याकडील आहेराच्या पाकिटांत शोभावा असा आहे खरा!) त्या संपत आल्या म्हणजे पुढची खेप, ती अधिकांत अधिक १६ मेगाबाइटची. असें करीत करीत दहा लक्ष नोंदींतून जातां येतें, आणि कोणत्याहि क्षणीं सर्व्हरच्या स्मृतींत एका खेपेपेक्षां फारसें अधिक असत नाहीं.

याच रहाटाला एक दुसरा दांडा आहे, "टू-अॅरे" नांवाचा. तो ओढला कीं विहिरींतील सारें पाणी एकदम अंगणांत. बहुतेक पाठ्यपुस्तकें हाच दांडा प्रथम शिकवितात, कारण तो सोपा आहे; त्याचा परिणाम म्हणजे नोंदींची एक सरळ यादी, जिच्यावर पाहिजे तें काम करतां यावें. पोस्टग्रेस या एस-क्यू-एल डेटाबेससाठीं नोडमध्यें वापरतात तें पीजी नांवाचें साधन तर न विचारतांच असें करतें : साधी मागणी केली कीं सर्व ओळी स्मृतींत गोळा झाल्यावरच ती हुंडी वटते. रहाट तेथेंहि मिळतो, पण तो मुद्दाम मागून बसवावा लागतो.

मग दांडा ओढूं नये काय? ओढावा कीं! वाचनालयाचे सभासद तीनशें असतील, पंचांगांतील सण शंभर असतील, तर कर्सर फिरवीत बसणें म्हणजे वाटीभर पाण्यासाठीं विहिरीवर बैल जुंपणें होय. अशा ठिकाणीं सर्व एकदम घ्यावें आणि मोकळें व्हावें. हिशेब साधा आहे. एक नोंद एक किलोबाइटची धरली तर तीनशें नोंदी म्हणजे तीनशें किलोबाइट. आजच्या यंत्राला त्याचें वजनहि कळत नाहीं. दहा लक्ष नोंदी म्हणजे एक गिगाबाइट. आणि कोठारांतील नोंद जावास्क्रिप्टच्या स्मृतींत वस्तुरूपानें उभी राहिली म्हणजे पुष्कळदां मुळाहून अधिक जागा व्यापते. नोडच्या पोटांतील व्ही-एट नांवाच्या यंत्रणेला स्मृतीची मर्यादा घातलेली असते. जुन्या आवृत्त्यांत ती सुमारें दीड गिगाबाइट होती. हल्लीं ती यंत्राच्या एकंदर स्मृतीवर अवलंबून असते आणि सूचना देऊन वाढवितांहि येते. ती ओलांडली कीं नोड मरतो. ज्यानें सर्व नोंदी मागितल्या त्याचीच तेवढी गैरसोय झाली असती तर एक वेळ चाललें असतें. पण त्या क्षणीं त्या सर्व्हरशीं बोलणाऱ्या प्रत्येकाचें बोलणें तुटतें. वाढपीच कोसळला, मग तीसहि पानें उपाशीं.

मरण्यापर्यंत पाळी आली नाहीं तरी दुसरें एक दुखणें आहे. मोठी यादी दूर पाठवावयाची म्हणजे तिचें एका लांबलचक मजकुरांत रूपांतर करावें लागतें, आणि हें काम वाढप्याला स्वतःच, मध्यें न उठतां, करावें लागतें. तेवढा वेळ कोणाच्याहि हांकेला ओ मिळत नाहीं. रहाट फिरवीत खेपेखेपेनें पाठविलें तर हें दुखणें राहत नाहीं. २०१८ च्या आवृत्तींतील "फॉर अवेट" ही रचना नेमकी याचसाठीं आहे : "प्रत्येक नोंद येईल तसें हें काम कर, आणि पुढची येईपर्यंत इतरांना वाट दे."

येथपर्यंतचा भाग वजनाचा झाला. पण यंत्र कोसळलें तर निदान कळतें तरी. ज्या चुकीचा आवाज होत नाहीं तिचें काय? आतां ती शिष्यवृत्तीची गोष्ट सांगतों.

आमच्या तालुक्यांतील एक संस्था होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या देते. एका वर्षीं तिनें अर्ज यंत्रावर घेतले. ४१२ अर्ज आले. तपासणाऱ्यांच्या पडद्यावर एका पानांत २५ अर्ज दिसत. "पुढील पान" म्हटलें कीं पुढचे २५. अशीं सतरा पानें. एका मुलीचें नांव ना निवडलेल्यांत आलें, ना नाकारलेल्यांत. तिच्या वडिलांच्या हातांत अर्ज मिळाल्याची पावती होती, म्हणून ते विचारावयास आले. पावती हरवली असती तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें. डेटाबेसमध्यें पाहिलें तों अर्ज जागच्या जागीं. तपासणाऱ्याच्या टिपणांत मात्र त्याचा मागमूस नाहीं. तपासणारा मनुष्य काळजीवाहू होता, त्यानें एकहि पान सोडलें नव्हतें. ज्या मंडळींना हें कोडें सोडवावयास बसविलें त्यांत मीहि होतों, आणि उलगडा झाला तो फळ्यावर अंक मांडून.

पहिलें पान पाहून झालें : क्रमांक १ ते २५. तेवढ्यांत नववा अर्ज दुबार आहे असें आढळलें, म्हणून तो काढून टाकण्यांत आला. आतां दहावा अर्ज नववा झाला, अकरावा दहावा झाला, आणि सव्विसावा पंचविसावा झाला. तपासणारानें दुसरें पान मागितलें. यंत्राला ठाऊक असलेली दुसऱ्या पानाची व्याख्या अशी कीं, आरंभापासून २५ नोंदी मोजून सोडा आणि पुढच्या २५ द्या. त्यानें इमानानें २५ सोडल्या. सोडलेल्यांत सव्विसाव्या अर्जाची मुलगी गेली. पहिलें पान पाहिलें तेव्हां ती दुसऱ्यावर होती, आणि दुसरें पाहिलें तेव्हां ती पहिल्यावर! शेवटीं टिपणांत ४१० नांवें राहिलीं, कोठारांत ४११ होतीं, आणि दोन आंकडे शेजारी ठेवून पाहणें कोणालाच सुचलें नव्हतें. उलट मध्येंच एखादा अर्ज वरच्या बाजूला वाढला असता तर एकच मुलगा दोन पानांवर दिसला असता. तें निदान डोळ्यांत तरी भरलें असतें.

मुलीचा अर्ज पुन्हा तपासला गेला, आणि तिला शिष्यवृत्ति मिळाली. प्रोग्राम ज्यांनीं लिहिला होता त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, ही पानें मोजून सोडण्याची पद्धत सर्वत्रच वापरतात. तें खरेंहि आहे. बातम्या चाळण्यासाठीं ती पुष्कळ झाली. एखादी बातमी सुटली तर कोणाचें अडत नाहीं. परंतु जेथें प्रत्येक ओळीमागें एक मनुष्य उभा आहे तेथें ती पुरत नाहीं.

उपाय अवघड नाहीं. "पंचवीस सोडून पुढचे" असें न म्हणतां "क्रमांक २५ च्या पुढचे पंचवीस" असें म्हणावें. येथें क्रमांक म्हणजे अर्जाचा स्वतःचा, न बदलणारा नोंदणी-क्रमांक. पानांतली जागा नव्हे. मग मधला नववा गेला काय आणि राहिला काय, सव्विसावा सव्विसावाच राहतो. शिवाय यंत्राचे कष्टहि वांचतात : मोजून सोडण्याच्या पद्धतींत हजारावें पान हवें असलें तर आधींच्या सर्व नोंदी मोजाव्या लागतात; क्रमांकाच्या पद्धतींत, त्या रकान्याची सूची तयार असेल तर, यंत्र सरळ त्या जागीं जाऊन उभें राहतें. अर्ज गुणांच्या क्रमानें हवे असतील तर एक सावधगिरी बाळगावी. सारखे गुण असलेल्यांचा आपसांतला क्रम ठरलेला नसतो, म्हणून आधीं गुण व मग नोंदणी-क्रमांक असा दुहेरी क्रम लावावा, आणि पुढचें पान मागतांना दोन्ही सांगावेत.

क्रम मुळींच सांगितला नाहीं तर काय होतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, ज्या क्रमानें नोंदी घातल्या त्याच क्रमानें त्या परत येतील. पहिले कांहीं दिवस तसें होतेंहि, आणि म्हणूनच ही समजूत बळावते. एस-क्यू-एल तसें वचन देत नाहीं. पोस्टग्रेस तर एखादी नोंद दुरुस्त करतांना जुन्या जागीं खाडाखोड करीत नाहीं; तो दुरुस्त केलेली नवी प्रत लिहितो आणि जुनी मागाहून झाडून टाकतो. त्यामुळें काल दुसरी असलेली नोंद एका दुरुस्तीनंतर आज शेवटीं दिसूं शकते. हजेरीपटांत नांव दुरुस्त केलें म्हणून मुलगा शेवटच्या बाकावर गेला असें होत नाहीं, येथें होतें.

याच ठिकाणीं दोन डेटाबेसांतला एक फरक सांगणें अवश्य आहे. पोस्टग्रेसमध्यें एकाच मागणीनें सर्व नोंदी मागितल्या तर ती मागणी सुरू झाली त्या क्षणाचें चित्र हातीं येतें. मग मध्यें कोणी कांहींहि बदलो. पानापानानें मागितलें तर प्रत्येक पान ही निराळी मागणी, म्हणून निराळें चित्र. मोंगोडीबीचा कर्सर मात्र असें स्थिर चित्र आपण होऊन देत नाहीं. रहाट फिरत असतां कोठारांत बदल होत राहिले तर एखादी नोंद निसटूं शकते. वर्षअखेरीचा हिशेब करावयाचा असेल तर हें आधीं ठाऊक असावें.

आतां तारकेविषयीं दोन शब्द. "स्टार" म्हणजे सर्व रकाने. जनरल रजिस्टरांत जात आहे, जन्मतारीख आहे. आजच्या तक्त्यांत त्याशिवाय आधार क्रमांक, पालकांचें उत्पन्न, बँकेचें खातें, फोन. पडद्यावर नुसतीं नांवें दाखवावयाचीं असतांना सर्व्हरनें सारे रकाने पाठविले, तर बाकीचे रकाने वाचणाऱ्याला दिसत नसले तरी त्याच्या यंत्रांत जाऊन पोंचलेले असतात; आणि ब्राउझरमध्यें काय येऊन पडलें आहे तें पाहण्याचीं साधनें ब्राउझरमध्येंच असतात. शाळकरी पोरेंहि तीं उघडतात. म्हणून गाळण्याचें काम सर्व्हरवर झालें पाहिजे. दूरच्या पानावर पडदा टाकून भागत नाहीं. तारकेच्या जागीं रकान्यांचीं नांवें लिहिण्यास अर्धा मिनिट अधिक लागतो. दुसऱ्याच्या मुलीचा फोन नंबर उघड्यावर पडूं नये यासाठीं अर्धा मिनिट देण्यास कोणाची ना असूं नये.

आंकड्यांसंबंधीं एक गंमत सांगावयाची राहिली. नोंदी सर्व आल्या कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोठारालाच एकंदर संख्या विचारावी, आणि हातीं आलेल्यांशीं ताळा घ्यावा, हें उत्तम. परंतु पोस्टग्रेसला संख्या विचारली तर पीजी ती आंकडा म्हणून देत नाहीं, अक्षरें म्हणून देतो. याचें कारण, जावास्क्रिप्टच्या नेहमींच्या आंकड्यांना ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पलीकडचा प्रत्येक पूर्णांक अचूक सांभाळतां येत नाहीं, आणि डेटाबेसमधील मोठे पूर्णांक त्याच्याहि पुढें जाऊं शकतात. आंकडा बिघडविण्यापेक्षां तो अक्षरांत दिलेला बरा, असा पीजीचा विचार. विचार शहाणपणाचा आहे. फक्त ठाऊक नसलेला मनुष्य ४११ मध्यें एक मिळवूं जातो आणि उत्तर येतें ४१११! अक्षरांपुढें अक्षर चिकटलें. आधीं त्या अक्षरांचा आंकडा करून घ्यावा, मग बेरीज.

शेवटची गोष्ट परतफेडीची. डेटाबेसशीं बोलण्याच्या वाटा मोजक्या असतात. पीजीच्या प्रघाताप्रमाणें एका सर्व्हरकडे अशा दहा वाटा एकत्र राखून ठेवलेल्या असतात. ज्याला काम असेल त्यानें एक घ्यावी व काम होतांच परत करावी. सर्व नोंदी एकदम मागितल्या तर ही घेवाण-देवाण आपोआप होते. रहाट बसविला म्हणजे मात्र वाट आपण स्वतः अडविलेली असते, आणि मध्येंच कांहीं चूक होऊन काम सोडावें लागलें तर ती परत करावयाची राहून जाते. यासाठीं भाषेंत "फायनली" नांवाचा एक कोपरा आहे : काम फत्ते होवो वा फसो, तेथें लिहिलेलें केलें जातेंच. कर्सर बंद करणें आणि वाट परत देणें हीं दोन कामें तेथें लिहावींत. मोंगोडीबीचा सर्व्हर दहा मिनिटें कोणी कांहीं न मागितल्यास पडून राहिलेला कर्सर आपण होऊन मोडून टाकतो. पीजीची अडविलेली वाट अशी आपण होऊन मोकळी होत नाहीं. अशा दहा वाटा अडकल्या म्हणजे अकरावा मनुष्य आपली एकच नोंद मागावयास येतो, आणि मुदत घालून ठेवलेली नसेल तर त्याच्या पडद्यावर तें फिरणारें चक्र फिरतच राहतें. चूक झाली असेंहि त्याला कोणी सांगत नाहीं.